बुधवारचा मासा

मुसाभाईंच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती तिथे बिऱ्हाडच करते. मग घरच्यांची, शेजाऱ्यांची, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची सुटका नाही. एका वर्षी कढीपत्त्याच्या रोपांचं वेड होतं. एका वर्षी सौरचूल होती. तिच्यात चार अंडी उकडायला दुपारची संध्याकाळ झाली, बघायला जमलेला मोहल्ला कंटाळून घरी गेला, तरी मुसाभाई आपले टाळ्या पिटत ओरडतायत, "बघा, बघा, फुकट उकडली!" असा हा माणूस. रत्नागिरीत अशी माणसं पिकतात, त्याला इलाज नाही.

मुसाभाई मूळचे मिरकरवाड्याचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर भंडारी म्हणून काढली. भंडारी म्हणजे जहाजाचा स्वयंपाकी. ग्रीक कप्तानाला आपण सोलकढी पाजली आणि फिलिपिनो खलाशांना तांदळाची भाकरी थापायला शिकवली, असं ते सांगतात. खरंखोटं दर्या जाणे. निवृत्त होऊन घरी आले आणि महिनाभरात त्यांनी घरातले डबे नव्याने लावले, चुलीची जागा बदलली आणि फोडणी कशी घालावी हे बायकोला समजावू लागले. बायको म्हणजे कुलसुमचाची. ती बाई शांत, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एक दिवस ती म्हणाली, "तुमच्यासाठी मी एक जहाज बघून ठेवलंय. टेकडीवर हाय." ते जहाज म्हणजे गावोगावच्या पोरापोरींचं वसतिगृह. तिथला आचारी नुकताच सोडून गेला होता.

झालं! मुसाभाईंना पुन्हा मोठा भटारखाना मिळाला, जेवायला साठ-सत्तर भुकेली तोंडं मिळाली आणि माणूस खुलला. पोरं त्यांना मुसाचाचा म्हणू लागली. वाडीवस्तीवरून, पालीकडून, खाडीपलीकडून शिकायला आलेली ही पोरं. एरवी डाळभात मुकाट गिळायची, पण बुधवार आला की जिन्यावरून धावत खाली यायची. बुधवार माशाचा. मुसाभाई त्या दिवशी सुरमईची तुकडी तळायचे. त्यांचा बालमित्र आत्माराम तांडेल मोठ्या बोटीवर होता, त्याच्या ओळखीने सुरमई पडेल भावात मिळायची. तुकडी इतकी पातळ की एका बाजूने बघितलं तर पलीकडचं पोर दिसावं. पण सुरमईची! मुसाभाई छाती काढून सांगायचे, "माझ्या पोरांना मी चिंधीचोर मासा नाय घालत."

आणि एका सकाळी वसतिगृहाचे अधीक्षक नितेशसर पडेल चेहऱ्याने स्वयंपाकघरात आले. जिल्ह्याची आहार समिती सगळ्या वसतिगृहांसाठी नवीन नियम करत होती. पर्यावरणाला कमी त्रास देणारं जेवण द्यायचं असं ठरत होतं आणि कच्च्या मसुद्यात मासा कापला होता. बोटी डिझेल जाळतात, बर्फाला वीज लागते, म्हणून बुधवारचा मासा बंद. त्याच्या जागी कोंबडी.

"कोणी लिवलंन हे?" मुसाभाईंच्या हातातला झारा वरच राहिला. "रत्नागिरीत राहून पोरांना मासा नाय? समोर दर्या दिसतो ना खिडकीतून! मग खिडक्या पण बुजवा!"

"अजून पक्कं नाही," नितेशसर म्हणाले. "दोन आठवड्यांनी समिती आपल्याकडे येणार आहे. जेवून बघतील, ऐकून घेतील, मग ठरवतील. त्यांची अभ्यास करणारी मुलगी आज येतेय."

मुसाभाईंना दुसरं काही ऐकूच आलं नाही. एका आपल्या वसतिगृहाचा प्रश्न असता तर त्यांनी भांडून, ओरडून, गयावया करून मासा टिकवला असता. पण हा नियम अख्ख्या जिल्ह्याचा. एकदा लागू झाला की खाडीकाठच्या, बंदरावरच्या, सगळ्या पोरांच्या ताटातून मासा गेला. आयुष्यभर ज्याच्या जिवावर मिरवलं तीच गोष्ट आपल्या हातून सुटतेय असं त्यांना वाटलं.

अभ्यास करणारी मुलगी म्हणजे मनस्वी. मत्स्यविज्ञान शिकवायची. ती दारात उभी राहिली आणि मुसाभाईंनी तिला नमस्कारही करू दिला नाही. पाच मिनिटं ते एकटेच बोलले. मनस्वीने सगळं ऐकून घेतलं, एक पाट ओढला आणि बसकण मारली.

"चाचा, मलाही मासा आवडतो," ती म्हणाली. "पण आवडतो म्हणून चालत नाही ना. प्रत्येक पदार्थाचं पूर्ण आयुष्य मोजायचं. जन्मला कुठे, काय खाऊन वाढला, आला कशातून, शिजला किती वेळ, आणि ताटात उरला तर गेला कुठे. पेरणीपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत. मधलाच एक तुकडा उचलला आणि त्यावर नियम केला, तर फसगत होते."

मुसाभाई गप्प झाले. ते गप्प झाले की समजावं, बिऱ्हाड आलं.

"म्हणजे जहाजासारखं," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे डब्यात काय टाकलं, ते कुठल्या बंदरात उतरवलं, सगळ्याचा जाब द्यायला लागायचा. फेकलं म्हणजे संपलं, असं दर्यात नसतं."

"तेच!" मनस्वी उठूनच उभी राहिली. "अगदी तेच, चाचा!"

"मग तुमच्या कोंबडीचं पण मोजलंय आयुष्य?"

मनस्वीचा चेहरा जरा उतरला. "माशाचं पण अर्धवट आहे आणि कोंबडीचं पण. मी समितीला सांगितलं होतं थांबा म्हणून. तेवढ्यात मसुदा फिरला. तुम्ही मदत कराल?"

विचारायचा अवकाश! दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर नुसता धुमाकूळ सुरू झाला. मुसाभाईंनी तराजू आणला. कांद्याची सालं तोलली, भाताची पेज तोलली, पोरांनी ताटात टाकलेलं अन्न वेगळ्या बादलीत घेऊन तोललं. गॅसच्या टाकीवर खडूने खुणा केल्या. वाटाण्याच्या पोत्याला विचारू लागले, "काय रे, तू कुठनं आलास?" पोरं हसून लोळायची. भाजी टाकणाऱ्या एका दांडग्या पोराला त्यांनी बादलीपाशी उभं करून सांगितलं, "मेल्या, ही वांगी घाट उतरून आली, त्यांना आणणारा ट्रक धूर सोडत आला, मी ती अर्धा तास शिजवली. आणि तू एक घास खाऊन त्यांचा जनाजा काढतोस?" त्या दिवसापासून बादली हलकी व्हायला लागली. घरी आल्यावरही चैन नाही. कुलसुमचाचीच्या पिठाच्या डब्याखाली तराजू सरकवू लागले, तेव्हा तिने तो उचलून माडाखाली ठेवला. "घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं," ती म्हणाली.

पण मुसाभाईंचा हुकमाचा पत्ता वेगळाच होता. सुरमई! घाट नाही, ट्रक नाही, मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून टेकडीपर्यंत रिक्षाने पाव तासाचा रस्ता. याच्याहून जवळचं अन्न जिल्ह्यात दाखवा! पहाटे ते मनस्वीला घेऊन धक्क्यावर गेले. लिलावाचा गलका चालला होता. बर्फाचे तुकडे पायाखाली करकरत होते. आत्माराम नुकताच बोट लावून उतरला होता.

"आत्माराम, सांग हिला," मुसाभाई ओरडले. "ही सुरमई कुठची? मिरकरवाड्याची ना?"

"मग काय लंडनची? पण कशाला रे? तिची कुंडली मांडतोस काय?"

"तेच मांडतोय! बोल."

मनस्वी विचारत गेली, आत्माराम सांगत गेला. किती दिवस बाहेर होता? आठवडा होऊन गेला. कुठवर गेलात? पार खोल, जमीन दिसेनाशी होते त्याच्याही पुढे; हल्ली जवळपास सुरमई कुठे उरलीय, बाई. इंजिन? रात्रंदिवस चालू. बर्फ? निघताना खण भरून नेला, अर्धा वितळला. मासळी? तुम्हीच बघा, एवढीच. आत्मारामने कोपऱ्यातले मोजके क्रेट दाखवले आणि तोंड फिरवलं.

मनस्वीने मोबाइलवर हिशेब केला. पुन्हा केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "चाचा, ही सुरमई मिरकरवाड्याची नाही. मिरकरवाड्याला ती फक्त उतरली. आपल्या स्वयंपाकघरात येणाऱ्या सगळ्या वस्तूंत हीच सगळ्यात लांबून येते. एका तुकडीमागे एवढं डिझेल जळतं, की मसुदा लिहिणाऱ्यांचं या माशापुरतं चुकलेलं नाही."

"अगो, पण ते दर्यातलं!" मुसाभाई म्हणाले. "दर्यात कसलं अंतर?"

आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बघा, ही चूक फक्त दर्यावर्दीच करू जाणे. घाटावरचा माणूस पाच कोसांनाही लांब म्हणेल. पण ज्याने एडनहून घरी फोन करून सांगितलं की जवळच आहे, त्याच्या लेखी धक्का सोडला की अंतर संपतं. रस्ता जमिनीवर असतो. पाणी म्हणजे आपलं अंगण. मुसाभाईंनी कांद्याचं अंतर मोजलं, मिठाचं मोजलं, आणि माशाचं मोजायला सुरुवात केली ती धक्क्यापासून.

आत्मारामने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून मुसाभाई चालत घरी गेले. रिक्षासुद्धा केली नाही.

घरात शिरले तेव्हा कुलसुमचाची चुलीपाशी एकटीच जेवायला बसली होती. ते एवढ्या लवकर येतील असं तिला वाटलं नव्हतं. तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं आणि सगळं घर तिरफळाच्या वासाने भरलं होतं. मुसाभाईंचं तोंड कडू झालं होतं, मन त्याहून कडू, पण नाक बेइमान. ते वाकले.

"काय हाय?"

"तारली."

तारली! बोटभर मासा, अंगात मांसापेक्षा काटे जास्त. मुसाभाईंच्या घरात त्यांच्या ताटात ती कधी आली नव्हती. बाजारातही ते टोपली ओलांडून पुढे जायचे.

"तू हे खातेस?"

"कायम खातो आम्ही. तुम्ही टेकडीवर जेवता ना दुपारचे."

"मला कधी नाय दिलीस ती?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली आणि एक तारली त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती खाल्ली. मग तव्यावरची खाल्ली. मग कुलसुमचाचीच्या ताटातलीही खाल्ली, आणि ती बिचारी नुसत्या भातावर राहिली. बोटं चाटत ते एकदम उठले. "कुठली ही? कोणी पकडली? कितीशी लांबून?"

"समोरनं," कुलसुमचाची म्हणाली. "लहान होडीवाले पहाटे जातात, उजाडता परत येतात. खिडकीतनं दिसतात."

या अल्ला! काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या पहाटे मुसाभाई पुन्हा धक्क्यावर हजर. होड्या येत होत्या, टोपल्याच्या टोपल्या चमचमत्या तारल्या उतरत होत्या. आणि त्यातल्या बऱ्याचशा फावड्याने एका ट्रकमध्ये भरल्या जात होत्या. बर्फ नाही, झाकण नाही, कचरा भरावा तशा.

"कुठे नेता?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यात. वाळवून भुकटी करतात."

"ती कशाला?"

"खाद्याला. कोळंबीच्या, कोंबड्यांच्या."

मुसाभाईंनी धक्क्यावर उडी मारली. खरंच मारली, या वयात, लुंगी सावरत. तिथल्या तिथे मनस्वीला फोन लावला आणि ते एवढ्या मोठ्याने बोलले की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं. "अगो, कोंबडी मासा खाते! आमच्या ताटातला मासा काढून तुम्ही कोंबडी घालताय, आणि ती कोंबडी आमचाच मासा खाऊन येतेय! तो पण वाळवून, दळून, ट्रकने फिरवून! ये लवकर!"

मनस्वी आली. तीही नाचायच्या बेतात होती, पण मुलगी हिशेबाची पक्की. तिने खाद्याच्या कारखान्यात चौकशी केली, होडीवाल्यांना किती इंधन लागतं ते विचारलं, कोंबडीवाल्यांकडे जाऊन आली. सगळ्याच खाद्यात मासा नसतो, पण काहींत असतो, असं तिने स्पष्ट सांगितलं. तारलीलाही डिझेल लागतंच, पण थोडक्या डिझेलवर होडी भरून येते, त्यामुळे एकेका माशाच्या वाट्याला नखभर येतं. "चाचा, ही हिशेबात टिकेल," ती म्हणाली. "एका अटीवर. पोरांनी खाल्ली पाहिजे. फेकली तर सगळं मुसळ केरात."

आणि पोरांनी नेमकी तीच फेकली! त्या बुधवारी ताटात सुरमईऐवजी तारली बघून सगळ्यांची तोंडं लांब झाली. एकीच्या घशात काटा अडकला, तिला भाताचे सुके गोळे गिळवले. जेवणं झाली तेव्हा बादली भरून वाहत होती. मुसाभाईंनी ती तराजूवर ठेवली नाही. नुसते बघत बसले. समिती यायला आता आठवडाच होता.

दुसऱ्या दिवशी कुलसुमचाची चप्पल पायात सरकवून टेकडी चढली. नवऱ्याच्या राज्यात ती पहिल्यांदाच येत होती. तिने मोठा कुकर मागवला. तळाला आमसुलं पसरली, वर साफ केलेल्या तारल्या उभ्या-आडव्या रचल्या, मिरची, हळद, ठेचलेलं तिरफळ, वर तेलाची धार. "दोन शिट्ट्या काढा, मग मंद करा, मग बंद करून तसाच ठेवा. झाकण उघडून डोकावू नका," तिने बजावलं. मुसाभाईंना डोकावण्याची फार सवय. ते हात पाठीमागे बांधून कुकरभोवती फेऱ्या मारत राहिले.

झाकण निघालं. मासा अख्खा, पण काटा दाताखाली विरघळत होता. मुसाभाईंनी पहिला घास काल काटा अडकलेल्या मुलीलाच दिला. ती घाबरत घाबरत खाऊ लागली. मग म्हणाली, "चाचा, अजून आहे?"

"हाय!" मुसाभाई गरजले. "अख्खा दर्या हाय!"

डोकी आणि खवले त्यांनी आवारातल्या माडांच्या मुळाशी पुरले. त्याच माडांचे नारळ कढीला येणार, हे लक्षात आल्यावर त्यांनी एकेका पोराला हाताला धरून माडापर्यंत नेलं आणि दाखवलं. काही पोरांना दोनदा नेलं.

समितीचा बुधवार उजाडला. सकाळपासून नितेशसरांची घालमेल. शेवटी त्यांनी मुसाभाईंना बाजूला घेतलं. "पोरांना तारली ठीक आहे हो. पण पाहुण्यांना? जिल्ह्याची माणसं येतायत. लोक काय म्हणतील? मी आत्मारामला फोन करतो, त्यांच्यापुरत्या चार सुरमया..."

मुसाभाईंचा हात डोक्यावर गेला. खरं सांगायचं तर त्यांनाही रात्रभर हेच खात होतं. कोकणात पाहुण्यापुढे तारली ठेवणं म्हणजे त्याला पायरीवर बसवणं. त्यांनी आशेने कुलसुमचाचीकडे पाहिलं. ती मान खाली घालून आमसुलं निवडत होती.

"नको," मुसाभाई म्हणाले. "एकाच पातेल्यातलं. सगळ्यांना."

समितीच्या अध्यक्षबाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या पोरांच्या पंगतीतच बसल्या. तारली समोर आली तेव्हा शेजारच्या दोन सदस्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी मात्र शांतपणे खाल्ली. मग मनस्वीने सगळं मांडलं: सुरमईचं आयुष्य, कोंबडीचं, तारलीचं. मुसाभाई मधेच बोलत होते, मनस्वी त्यांच्या मधे बोलत होती, दोघंही हातवारे करत होती.

"आणि पावसाळ्यात? बोटी बंद असतात तेव्हा?" एका सदस्याने विचारलं.

"उन्हाळ्यात वाळवून ठेवायची! सगळं कोकण पावसाच्या तोंडावर, आगोटीला, हेच करतं, साहेब. ऊन काय बिल पाठवतं?" मुसाभाई म्हणाले.

"आणि सगळ्या जिल्ह्याने तारलीच खाल्ली तर तारली उरेल?"

"जास्त पकडायचीच नाही," मनस्वी म्हणाली. "आज जी कारखान्याकडे जाते, त्यातलीच ताटाकडे वळवायची. आणि लहान पिल्लं आली तर घ्यायची नाहीत, हे नियमातच लिहायचं."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मुसाभाईंकडे सरळ बघितलं.

"हिशेब मला पटला. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण स्वतः जे खात नाही ते दुसऱ्याच्या पोरांच्या ताटात घालायचं, आणि वर त्याला धोरण म्हणायचं, असं मी पुष्कळ पाहिलंय. तसं असेल तर मी मसुदा बदलणार नाही. तुमच्या घरी तारली होते का, मुसाभाई? तुम्ही खाता?"

'हो' म्हणायला काय लागतं? दोन आठवड्यांत खाल्लीच होती की. मनस्वी डोळ्यांनी सांगत होती, नितेशसर मान हलवून सांगत होते.

"नाय, बाई," मुसाभाई म्हणाले. "बोटीवर होतो तेव्हापासून, परत आल्यावर सुद्धा, माझ्या ताटात सुरमईच. पापलेट. तारली मी परवा-परवा पहिल्यांदा खाल्ली. घरात होत होती. मला ठाऊक पण नव्हतं."

ते खाली बसले. बुधवार हातचा गेला. त्यांना पोरांकडे बघवेना.

"मी सांगू का, बाईसाहेब?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. कुलसुमचाची पदराला हात पुसत पुढे आली. चार माणसांत न बोलणारी बाई, पण आवाज ठाम होता. "त्यांची चूक नाय. ते बोटीवरून दोन महिन्यांसाठी यायचे. आल्या दिवसापासून मी जायचे दिवस मोजायची. असा माणूस म्हणजे पाहुणा. पाहुण्याला कोण तारली वाढतं? ते गेले की मी, माझी सासू, माझी पोरं, आम्ही तारलीवर दिवस काढले, आणि पोरं काय धडधाकट झाली बघा. सुरमई पाहुण्यांची, तारली घरच्यांची. आमच्याकडे हे असंच." तिने पंगतीवर नजर फिरवली. "आता ही पोरं तुमची पाहुणी की घरची, ते तुम्हीच ठरवा."

मग अध्यक्षबाईंनी बाजूला सारलेलं ताट पुन्हा ओढलं.

"मला अजून एक वाढा," त्या म्हणाल्या. "आणि मनस्वी, ती ओळ बदल. मासा राहील. जवळचा, लहान, उन्हात वाळवलेलाही चालेल. सुरमई मात्र नाही. चालेल ना, मुसाभाई?"

"चालेल? धावेल, बाई!" मुसाभाई उठून उभे राहिले. पोरांनी असा काही ओरडा केला की माडावरचे कावळे उडाले. नितेशसरांनी मनस्वीचा हात हातात घेऊन हलवला, मग भानावर येऊन सोडला. काटा अडकलेल्या मुलीने मुसाभाईंना मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ओरडत होते, "अख्ख्या जिल्ह्याचा! अख्ख्या जिल्ह्याचा बुधवार!"

सगळे गेल्यावर, भांडी विसळून झाल्यावर, नवराबायको रिकाम्या भटारखान्यात जेवायला बसली. कुकरच्या तळाला थोड्या तारल्या उरल्या होत्या.

"कुलसुम," मुसाभाई म्हणाले, "बोटीवर होतो तेव्हाचं समजलं. पण मी कायमचा परत आलो, त्याला किती वर्षं झाली. तरी सुरमईच वाढत होतीस."

कुलसुमचाची कुकरात डाव फिरवत राहिली. "सवय लागलेली," ती म्हणाली. "वाटायचं, परत जाल."

मुसाभाईंनी ताट पुढे सरकवलं.

"वाढ," ते म्हणाले. "मी कुठे जात नाय."